सर्जनशील लेखनाचा पहिला तास

महोदय,
निवृत्तीनंतर विद्यापीठातील सर्जनशील लेखनाच्या वर्गात प्रवेश घेतला आणि लेखन शिकवता येत नाही, हा माझा जुना समज पहिल्याच तासाला डळमळला. एका विद्यार्थिनीने आजीच्या जात्यावरची कथा वाचली आणि नंतर पाऊण तास, स्वतः काहीही न बोलता, इतरांचे अभिप्राय ऐकले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेमुळे रूढ झालेली ही पद्धत कठोर आहे खरी. पण कथेचा शेवटचा परिच्छेद अनावश्यक असल्याचे तिचे तिलाच उमगले. मात्र चाळीस जणांच्या वर्गात प्रत्येकाची पाळी सत्रातून जेमतेम एकदा येते, हे फारच अपुरे आहे. विद्यापीठांनी अशा वर्गांसाठी पंधरा-पंधरा जणांच्या तुकड्या कराव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक ज्येष्ठ विद्यार्थी