दोन नळ्या आणि एक बंद पाकीट

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

नमुने पोहोचल्याचे मी तेव्हाच दोन ओळींत कळवले होते. त्या दोन ओळींत जे मावले नाही ते आज लिहीत आहे. आपली कधी भेट झालेली नाही, आपल्या प्रयोगशाळांचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि तरीही गेल्या दोन वर्षांत माझ्या कामासाठी सर्वाधिक कोणी केले असेल तर ते तुम्ही केले आहे.

चौदा महिने मी मेंदूतील अल्फा-७ निकोटिनिक ॲसिटिलकोलीन रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीच्या आवरणात बसून रासायनिक निरोप घेणाऱ्या प्रथिनाच्या, मागे होते. पाच एकसारखी उपएकके कडे करून उभी राहतात आणि मधल्या वाटेने कॅल्शियम पेशीत शिरू देतात, असे हे प्रथिन. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागात, ते भरपूर असते. अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनाला नेमके धरण्यासाठी वापरायचे प्रथिन. विकत आणलेल्या अँटिबॉडीने मला वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने वजनानुसार वेगळी करून पटलावर उतरवलेल्या चित्रात, सुमारे ५६ किलोडाल्टन वजनापाशी, म्हणजे अगदी अपेक्षित ठिकाणी, स्वच्छ बँड (पट्टा) दाखवला होता. अडचण एवढीच होती की तसाच आणि तितकाच गडद बँड, जिथे तो अपेक्षित नव्हता त्या यकृताच्या नमुन्यातही येत होता, आणि अँटिबॉडीचा लॉट (उत्पादनाची खेप) बदलला की मेंदूच्या लेनमधले, म्हणजे त्या नमुन्याच्या रांगेतले, चित्रही बदलत होते. मी हे ज्यांच्यासमोर मांडले त्यांनी ब्लॉटकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. नमुना जास्त उकळला असेल, ब्लॉकिंग नीट झाले नसेल, धुणे कमी पडले असेल, मुळात तुझा हातच अजून बसलेला नाही, असे मला निरनिराळ्या शब्दांत सांगण्यात आले, आणि मी ते खरे मानून प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा बदलत राहिले.

अँटिबॉडी पुरवणाऱ्यांना मी तीनदा लिहिले. तिन्ही वेळा उत्तर एकच आले, की सोबतचे पेप्टाइड, म्हणजे अँटिबॉडी ज्यावर बेतली आहे तो प्रथिनाचा लहान तुकडा, आधी मिसळले तर बँड नाहीसा होतो, म्हणून अँटिबॉडी बिनचूक आहे. मी तो प्रयोग केला, बँड खरोखरच नाहीसा झाला, आणि माझी खात्री पटली की दोष माझाच. शेवटी मी तुम्हाला पत्र लिहिले, आणि त्या युक्तिवादातली फट तुमच्या पहिल्याच उत्तरात मला दिसली. पेप्टाइडने अँटिबॉडीची पकडण्याची जागाच भरून गेली की ती योग्य प्रथिनालाही धरत नाही आणि भलत्यालाही धरत नाही, तेव्हा बँड गेला यावरून तो बँड कोणाचा होता हे कळतच नाही. ते कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे ज्या मेंदूत हे प्रथिन तयारच होत नाही, त्या मेंदूवर तीच अँटिबॉडी लावून पाहणे. या प्रथिनाचा जनुक निकामी केलेला, म्हणजे नॉकआऊट, उंदीर १९९७ सालापासून उपलब्ध आहे, आणि निकोटिनिक रिसेप्टरच्या अनेक अँटिबॉडी साध्या व नॉकआऊट उंदरांच्या मेंदूत सारखेच चित्र दाखवतात, हे २००७ साली छापूनही आले आहे. पैसे घेणाऱ्यांपैकी कोणीही मला हे सांगितले नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही सांगून थांबला नाहीत. आठवड्याभरात ड्राय आइसमध्ये मेंदूच्या नमुन्यांच्या दोन नळ्या आल्या, एक साध्या उंदराची आणि एक नॉकआऊटची. एकीवर ‘अ’ आणि दुसरीवर ‘ब’, एवढेच लिहिलेले होते. सोबत प्रयोगशाळेतल्याच चिकटपट्टीने बंद केलेले लहानसे पाकीट होते आणि त्यावर पेन्सिलीने लिहिले होते, ‘आधी ब्लॉट पाहा, मग उघडा.’ कोणती नळी नॉकआऊटची हे तुम्ही मुद्दाम सांगितले नव्हते. चौदा महिन्यांत प्रथमच कोणी माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवला होता.

त्या संध्याकाळी ओला मेम्ब्रेन यंत्रातून काढून मी पट्टी धरून मोजले. दोन्ही लेनमध्ये बँड एकाच उंचीवर होता, तितकाच रुंद, तितकाच गडद. खाली बीटा-ॲक्टिनही, म्हणजे दोन्ही लेनमध्ये नमुना सारखाच भरला आहे हे पडताळण्यासाठीचे प्रथिनही, सारखे होते. मी दोन्ही लेनची मापे वहीत लिहिली, तारीख घातली आणि मगच पाकीट उघडले. आत चिठ्ठी होती: ‘ब नॉकआऊट आहे. दोन्हींत बँड दिसला असेल, तर तुमचे हात उत्तम आहेत.’ खरे सांगते, मी खुर्चीवर बसून रडले. अँटिबॉडी खोटी ठरल्याचे ते दुःख नव्हते. इतके दिवस ज्या हातांना मी दोष देत आले होते ते निर्दोष आहेत, हे कोणीतरी मी न विचारता लिहून पाठवले होते.

असा नमुना तयार करायला किती दिवस जातात हे मला ठाऊक आहे. त्या बदल्यात तुम्ही शोधनिबंधात नाव मागितले नाही, की विद्यार्थिनीने थेट पत्र कसे लिहिले असेही विचारले नाही. ज्ञानाच्या क्षेत्रात हुशार माणसे पुष्कळ भेटतात. समोरच्याची घालमेल ओळखून तिच्यावर नेमके औषध पाठवणारी माणसे मला अजून फारशी भेटलेली नाहीत, आणि असे कोणी भेटले की या कामात राहावेसे वाटते.

आता मी ती अँटिबॉडी सोडून दिली आहे. मण्यारीच्या कुळातील सापाच्या विषातून मिळणारे अल्फा-बंगारोटॉक्सिन चमकणारा रंग जोडून वापरते, आणि प्रत्येक खेपेला शेजारी नॉकआऊट मेंदूचा छेद ठेवते. साध्या मेंदूत हिप्पोकॅम्पस उजळतो आणि शेजारचा छेद काळा राहतो. तो काळा छेद मी दर वेळी आधी पाहते.

तुमची चिठ्ठी वहीत त्याच तारखेच्या पानावर चिकटवली आहे. ‘ब’ नळीतले थोडे द्रावण अजून शिल्लक आहे आणि ते उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले आहे. तुम्हाला कधी मेंदूचे छेद किंवा ताजे नमुने लागले, तर फक्त एक ओळ लिहा. मी त्याच दिवशी पाठवीन.

आपली कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थिनी