बी विंगमधल्या आपल्या चिमुरडीसाठी विनंती

सर्व सभासदांना नमस्कार. तिच्या आई-बाबांशी बोलूनच हे लिहीत आहे. परळच्या टाटा रुग्णालयात ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) उपचार घेणारी आपली चिमुरडी मंगळवारी घरी येतेय. केमोमुळे तिच्या रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात. आपल्याला साधी वाटणारी सर्दीही तिला पुन्हा ॲडमिट करायला लावू शकते. म्हणून सध्या भेटायला जाऊ नका. फुलं, प्रसाद, कापलेली फळंही नकोत. कुणाकडे कांजिण्या किंवा गोवर असेल तर त्याच दिवशी कळवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. जिन्याचं प्लास्टर पुढे ढकललंय, त्या धुळीतली बुरशी तिला बाधू शकते.

तिला दात्यांच्या प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) लागतील. काढल्यावर त्या जेमतेम ५ दिवस टिकतात, त्यामुळे दाते आळीपाळीने लागतील. वजन ५० किलोच्या वर हवं, आधीच्या ३ दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको. प्लेटलेट्स वेगळ्या काढणाऱ्या मशीनवर तास-दीड तास जातो. नावं सेक्रेटरींकडे द्यावीत.

आणि कृपया, तिच्या आईला लिफ्टमध्ये गाठून "केस गेले का हो?" असं विचारू नका. झाडपाल्याची औषधंही सुचवू नका.

उपचार दोन-अडीच वर्षं चालतील. तिच्या दादाची शाळेची ने-आण आणि डबा कोण कोण करेल, ते रविवारी सोसायटीच्या ऑफिसात ठरवू.