कळसूबाईची वाट बांधताना आधी पाण्याचा विचार करा

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचं राज्यातलं सर्वात उंच शिखर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातलं. नवरात्रात देवीच्या दर्शनाला आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी बारी गावातून वर जाणाऱ्या वाटेवर रीघ लागते. ही वाट टिकाऊ करायची तर अंदाजपत्रक किती मीटर काँक्रीट यावरून न ठरता पाणी कुठून येतं आणि कुठे सोडायचं यावरून ठरावं, एवढीच आमची मागणी आहे.

पायवाट माणसांच्या पायांनी जेवढी झिजते त्याहून कितीतरी जास्त ती पाण्याने खचते. सरळ उताराला लागलेल्या वाटेचाच पावसाळ्यात ओहोळ होतो. माती-मुरूम वाहून गेला की सुटे दगड उरतात, लोक ते टाळून कडेच्या गवतातून चालू लागतात आणि शेजारी दुसरी घळ पडते. म्हणून नवी आखणी डोंगराला आडवी हवी. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी आणि सरासरी शंभर मीटरला दहा मीटरच्या आत असावा. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली ठेवावी, म्हणजे पाणी ती ओलांडून निघून जातं. दर वीस-तीस मीटरवर वाट थोडी खाली उतरवून पुन्हा चढवली की साचलेलं पाणी तिथे बाहेर पडतं. हे शक्य नसेल तिथे वाटेला तिरके दगडी आड, म्हणजे पाणी अडवून बाजूला वळवणाऱ्या दगडांच्या ओळी, घालावेत आणि त्यांची पाणी बाहेर सोडणारी तोंडं दर पावसाळ्याआधी साफ करावीत. तोंडं गाळाने बुजली की आड असून नसल्यासारखे.

खड्या चढावर पायऱ्या लागतीलच. त्या स्थानिक दगडाच्या, कोरड्या (सिमेंटशिवाय) रचाईच्या असाव्यात: वरचा दगड खालच्या दगडाच्या मागच्या कडेवर टेकलेला, उंची १५ ते २० सेंटिमीटर, पाऊल ठेवायला किमान ३० सेंटिमीटर जागा. पायरी याहून उंच झाली की लोक बाजूने चढतात, म्हणून दोन्ही कडांना मोठे दगड रोवावेत. सिमेंटच्या पायरीवर शेवाळ धरतं, खालचा भराव वाहून गेला की ती पोकळ होऊन तुटते, आणि तुकडे तिथेच पडून राहतात. पेव्हर ब्लॉक तर डोंगरावर कुठेच नकोत.

कातळावरच्या लोखंडी शिड्या आवश्यक आहेत. त्यांचे बोल्ट आणि कठडे दर वर्षी पावसाळा संपताच तपासून त्याची नोंद वनपालाकडे असावी.

पायथ्याचं काम वेगळं आहे. वाट सुरुवातीला गावच्या शेतांजवळून जाते, म्हणून आखणी ग्रामसभेत ठरवूनच व्हावी. गाड्या गावाबाहेर मुरमाच्या तळावर थांबाव्यात. दुचाकी वर जाऊ नये म्हणून नुसते खांब रोवून भागत नाही, हँडल त्यांच्यामधून सहज निघतं. मीटरभर रुंद, दोन वळणांची दगडी वाट आणि तिच्यात दोन उंच पायऱ्या केल्या तर मोटरसायकल अडते, पण गुरं आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई जाऊ शकते. फिरतं लोखंडी फाटक बसवलं तर नेमकी तीच बाई अडकेल. स्वच्छतागृह बांधण्याआधी एप्रिल-मेमध्ये तिथे पाणी असतं का हे पाहावं, नाहीतर ते उन्हाळ्यात कुलूपबंद राहील. शोषखड्डा विहिरी आणि झऱ्यांच्या वरच्या अंगाला मुळीच नको.

वेळापत्रकही निविदेत लिहावं. पाहणी जुलैच्या पावसात, कारण पाण्याच्या वाटा तेव्हाच दिसतात. काम नोव्हेंबर ते मार्च. ते गावातल्याच माणसांना शिकवून, त्यांच्याच मजुरीने व्हावं, कारण आड बुजल्याचं त्यांनाच सर्वात आधी कळेल. वार्षिक डागडुजीसाठी वेगळी तरतूद हवी. ठेकेदाराचं शेवटचं बिल पहिल्या मोठ्या पावसानंतर, वनाधिकारी आणि ग्रामसभेचे प्रतिनिधी वाट चालून आल्यावरच मंजूर व्हावं, हे आदेशात स्पष्ट लिहावं अशी विनंती आहे.

आपले,
सह्याद्रीतल्या पायवाटांची डागडुजी करणारे कार्यकर्ते