रविवारी टेकडीवर झाडं लावायची आहेत

मंडळाच्या सगळ्या पोरापोरींनो,

येत्या रविवारी सकाळी ६.३० ला टेकडीखालच्या मारुतीच्या देवळापाशी जमायचं आहे. खड्डे मे महिन्यातच घेतलेत, आता माती चांगली भिजली आहे.

- रोपं करंज, बहावा, कडुनिंब, कांचन. घरून गुलमोहर किंवा गिरिपुष्प आणू नका. दोन्ही इथली नाहीत, बाहेरची झाडं आहेत: एक मादागास्करचा, दुसरं मध्य अमेरिकेतलं.
- काळी पिशवी ब्लेडने कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. गेल्या वर्षी तिघांनी पिशवीसकट पुरलं, मुळं आतच गोल फिरत राहिली. नावं घेत नाही!
- पिशव्या गोळा करून खाली आणायच्या.
- कुदळ, घमेलं असेल तर आणा.

फेब्रुवारी ते मे पाणी घालायची पाळी लावणाऱ्याचीच. जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.