दोन साहेब आणि एक मशीन

प्रिय सुध्या,

दिवाळीनंतर आज लिहितोय. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, शुगर होती तिथेच आहे.

आमच्याकडे मॅट्रिक्स आलं, म्हणजे एका माणसाला दोन साहेब, एक विभागाचा आणि एक प्रोजेक्टचा. हसून घे. नायलॉनच्या नव्या क्लिपचा प्रोजेक्ट माझ्याकडे, पण टूलरूम, क्वालिटी, प्रॉडक्शन यांतला एकही माणूस माझा नाही. अप्रेझल त्यांचे विभागप्रमुख (एचओडी) लिहिणार, मग ऐकणार कुणाचं?

घोर लागलाय तो पीपॅपचा, म्हणजे नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घेण्याचा. अठरा घटकांचे कागद जमतील. पण कस्टमरने वेगळं सांगितलं नसेल तर सलग ३०० नग तरी खऱ्या मशीनवर, खऱ्या सायकल टाइमने काढून दाखवावे लागतात, आणि मशीन प्रॉडक्शनचं. त्यांना जाब विचारला जातो डिस्पॅचचा. वीस तारखेनंतर मशीन मागितलं की 'पुढच्या महिन्यात बघू' ठरलेलं. यात त्यांचा खडूसपणा नाही, त्यांच्या जागी तूही हेच केलं असतंस. (तू तर फोनही उचलला नसतास.) म्हणून रन ५ ते १२ तारखेत मागायचा, आणि तोही अख्खी शिफ्ट. टूल (साचा) चढवणं आणि सेटिंगचे फुकट जाणारे नग त्यातच धरायचे. मटेरियल शिफ्टच्या आधीच ड्रायरमध्ये हवं. पीपीसीकडून (प्रॉडक्शनचं नियोजन करणाऱ्यांकडून) त्या मशीनवरच्या चालू पार्टचा स्टॉक आधीच्या आठवड्यात करून घ्यायचा आणि तो आकडा घेऊनच प्रॉडक्शनच्या केबिनमध्ये शिरायचं. पीपीके, म्हणजे नगांची मापं मर्यादेत किती नीट बसतात तो आकडा, १.६७ च्या खाली आला तर पुन्हा रन लागेल, तेव्हा दुसरी तारीखही त्याच दिवशी लिहून घ्यायची.

गेजचा एमएसए (त्याचं मोजमाप किती भरवशाचं याची तपासणी) रनच्या आधी उरकला नाही तर ते पीपीके कुणी मानणार नाही. आणि तो करणारा पोरगा तीन प्रोजेक्टांत '३३ टक्के' वाटलेला! टक्के कागदावर राहतात. मंगळवार पूर्ण, गुरुवारी जेवणापर्यंत, असे वार ठरवून त्याच्या एचओडीची सही घेतोय. काय आणि कधी हे मी सांगणार, कोण आणि कसं हे ते. दोन दिवसांत जुळलं नाही तर दोघांच्या नावे एकच मेल प्लँट हेडला. वेगवेगळं जाऊन कान भरणं बंद.

तुझं ते हॉस्टेलचं पालुपद आठवलं, 'एबीबी कंपनीला मॅट्रिक्स जमतं, तुम्हाला का नाही?' बाबा रे, १९८८ च्या विलीनीकरणानंतर एबीबीचा प्रमुख बार्नेविकने देश आणि व्यवसाय असं दुहेरी जाळं विणलं, ते १९९८ मध्ये त्याच्यानंतरचा प्रमुख लिंडालने मोडीत काढलं. पैज मी जिंकलो. मिसळ अजून बाकी आहे.

वहिनींची बदली रद्द झाली का? चिमीला दहावीसाठी शुभेच्छा, गच्चीचं काम पावसाआधी उरक.

तुमच्या प्लँट हेडने सगळ्या प्रोजेक्टांना एक, दोन, तीन असे नंबर लावून सही केलेली यादी होती ना? आमच्याकडे सगळेच 'अर्जंट' आहेत. पार्टांची नावं खोडून तिचा नमुना पाठव, सोमवारच्या मीटिंगआधी.

तुझा,
अव्या