फ्लॅट घेतलाय, रागावू नका

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी पूर्ण वाचा, मग फोन करा. तुमच्यासाठी नाशिकमध्येच गंगापूर रोडला अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतलाय. डिपॉझिट भरून झालं. विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. हे बरोबर नाही, कळतंय मला.

मखमलाबादचं घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. दर रविवारी जाऊन झाडांना पाणी घाला. घरामागे होणाऱ्या गाड्यांच्या रेसिंग ट्रॅकविरुद्ध दारोदार फिरून सह्या तुम्ही घेतल्यात, आता तुम्हीच उठून गेलात तर लोक हसतील, ही तुमची खरी अडचण आहे ना? पण हरकत त्याच पत्त्यावरून दिली आहे, घरपट्टी तुमच्याच नावावर येते. मीटिंगला रिक्षाने जा, भाडं मी देईन. लोकांना सांगा, मुलीने हट्ट केला. सगळं माझ्यावर ढकला.

मागच्या शनिवारी रात्री दोनला पाणी प्यायला उठले. मागे सपाटीकरण चाललेलं, परवानगीचा पत्ता नाही, आणि डंपर रिव्हर्स घेताना पीं-पीं. आई अंधारातच देवघरापाशी फुलवाती वळत बसली होती. बोर्नव्हिटाचा मोठा डबा काठोकाठ भरलेला. ‘श्रावणासाठी गं,’ म्हणाली. आई, एवढ्या वाती तीन श्रावण पुरतील. किती रात्री जागलीस ते सांगत नाहीस, डबा सांगतो. आणि बीपीची गोळी वाढवलीय हे मला औषधांच्या बिलावरून कळावं?

बाबा, तुम्ही कानातलं मशीन काढून झोपता. तिने काय काढून ठेवायचं? ‘देवळालीच्या तोफांत वाढलोय’ हे ऐकलंय मी. तोफ वाजते आणि गप्प होते. गाडी दर फेरीला येते, चढते, उतरते, आणि आता परत येईल म्हणून माणूस कान लावून पडून राहतो. अजून ट्रॅक झालाही नाही, तर ही तऱ्हा. (तुमचा नातू मात्र खूश आहे, आजोबांच्या घरामागे रेस म्हणून!)

मीटिंगमध्ये नुसतं ‘त्रास होतो’ म्हणू नका. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी सकाळी सहा ते रात्री दहा 55 डेसिबल आणि रात्री 45 अशी मर्यादा आहे. ट्रॅकवाले दिवसभराची सरासरी दाखवतील. त्यात दुपारची सामसूमही धरली जाते आणि आकडा गोड दिसतो. म्हणून विचारा, सरावाचे दिवस धरलेत का, लाउडस्पीकर धरलेत का, मोजणी कुणाच्या गच्चीवरून केली? अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर साधारण 6 डेसिबल कमी होतात. 15 मीटरवर एक गाडी 100 धरली, तर 480 मीटरवरही 70 उरतात. भिंती-झाडांचे थोडे वजा करा, पण ही एकच गाडी झाली. कुणी चेन्नईचं उदाहरण देईल. 2024 मध्ये तिथे रस्त्यावर रात्रीची शर्यत झाली, खरं आहे. ती दोन दिवसांत आटोपली. आपल्याकडे पक्का ट्रॅक होणार आहे.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्टला बॅकअप आहे. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतलेत. ओटा आईच्या उंचीचा आहे, मी स्वतः उभं राहून पाहिला. बाल्कनीत तुळस मावते. दूधवाला पावणेसहाला येतो, बाबा, म्हणजे तुमचा चहा चुकणार नाही. आईला आवडते तशी खिडकी पूर्वेला आहे. परकं वाटेल पहिले आठ दिवस, मला माहीत आहे.

दिवाळीत सुतळी बॉम्ब लागायचा तेव्हा बाबा, तुम्ही माझ्या कानांवर दोन्ही तळवे घट्ट दाबून धरायचात. तुमच्या स्वतःच्या कानांना मग हात उरायचे नाहीत. तेव्हा कधी लक्षात आलं नाही.

आता ऐका. शुक्रवारी टेम्पो येईल. जड काही उचलायचं नाही. मशीनचे सेल वरच्या कप्प्यात आहेत, ते हातातल्या पिशवीत घ्या. गॅसचा नॉब बंद, मेन स्विच बंद, किल्ली शेजारच्या काकूंकडे. बीपीचं कार्ड मला फोटो काढून पाठवा, आजच. तिथे मन रमलं नाही तर अकरा महिन्यांनी परत, मी एक शब्द बोलणार नाही. बरं, एखाददुसरा बोलेन.

आई, फुलवातींचा डबा मखमलाबादलाच ठेव, टेम्पोत घालू नकोस.

तुमची,
ताई