पुस्तकामागची तारखांची पट्टी काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या मराठी वाचनालयाचा कारभार गेल्या दिवाळीपासून संगणकावर गेला. देवघेव झटपट होते, रांग लागत नाही. तक्रार त्याची नाही. पण नवे स्टिकर लावता लावता मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली तारखांची पट्टी सरसकट खरवडून काढली जात आहे. विचारले तर उत्तर मिळाले, "आता तिचा काय उपयोग? सगळे कॉम्प्युटरमध्ये आहे." ते आहे ग्रंथपालांसाठी. कपाटापुढे उभे राहून कादंबरी निवडणाऱ्याला पट्टीचाच आधार होता.

मलपृष्ठावरचा मजकूर वाचून मी कधी कादंबरी घेतली नाही. तिथे प्रत्येक कादंबरी मराठी साहित्यात मोलाची भर घालत असते. पट्टीला मात्र कुणाची भीड नसते. आमच्याकडे मुदत पंधरा दिवसांची आणि पुस्तक नेतानाच शिक्का पडतो तो परत करायच्या तारखेचा. दोन शिक्क्यांत चारच दिवसांचे अंतर असेल, तर आधीच्या वाचकाने पुस्तक चार दिवसांच्या आत परत केले, हे उघड आहे. असे तीन-चार शिक्के लागोपाठ दिसले, की एक तर कादंबरी हातातून सुटत नाही किंवा दहा पानांत जांभया येतात. यातले कोणते, ते पहिली दोन पाने उभ्या उभ्या वाचली की कळते. आणि शिक्क्याशेजारी पेन्सिलीने लिहिलेला सभासद क्रमांक एकच, पण तीनदा आलेला दिसला, तर मी पुढचे काही न बघता पुस्तक पिशवीत टाकते. तो सभासद कोण हे मला आजतागायत माहीत नाही, पण आमची आवड जुळते.

सासूबाईंसाठी निवडायचे असले की हिशेब बदलतो. नव्वदीला टेकल्या आहेत, दोन वर्षे अंथरुणावर आहेत. त्यांना हव्यात शिवकालीन कादंबऱ्या, आणि त्या नेमक्या सातशे पानी. छातीवर धरून वाचणार कशा? म्हणून टाइप मोठा आणि पुस्तक हलके, हे आधी पाहते. कधी नात वाचून दाखवते. ती गुजराती माध्यमात शिकलेली, अक्षरांच्या डोक्यावरच्या, गुजरातीत नसलेल्या रेघेवरून तिची गाडी हळू चालते. तिच्यासाठी संवाद भरपूर असलेली कादंबरी लागते. जुनी प्रत असेल तर शेवटची पाने जागेवर आहेत ना, तेही बघावे लागते. एकदा ते राहून गेले आणि शेवटची आठ पाने गायब निघाली. सासूबाईंनी शेवट स्वतःच रचून आम्हाला सांगितला. पुढे दुसरी प्रत मिळाली, खरा शेवट वाचून दाखवला, तर म्हणाल्या, "माझाच बरा होता."

आता ऐकते की पाच वर्षांत कुणी न नेलेल्या कादंबऱ्या रद्दीत जाणार आहेत. जागा नाही हे मान्य. पण यातल्या कितीतरी सर्वांत वरच्या फळीवर आहेत, जिथे शिडीशिवाय हात पोचत नाही, आणि शिडी कार्यालयात असते. एकेकाळी दर पंधरवड्याला शिक्का पडलेली कादंबरी वाचकांनी टाकली, की ती त्यांना दिसलीच नाही, हे पट्टी काढल्यावर ठरवणार कसे?

आपल्या बडोद्यात हे व्हावे याचे जास्त वाईट वाटते. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवली. खेड्यांतून पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात कपाटांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरतो. पुस्तक नुसते ठेवून भागत नाही, शोधणाऱ्याला ते दिसले पाहिजे, एवढा विचार त्या काचेमागे आहे. आम्ही काच मागत नाही. स्टिकरच्या शेजारी पट्टी राहू द्यावी, आणि रद्दीत काढायच्या कादंबऱ्या आधी महिनाभर दाराजवळच्या टेबलावर, पट्टीसकट, मांडाव्यात.

सध्या घरी आणलेल्या कादंबरीची पट्टी कशी कोण जाणे शाबूत राहिली आहे. तिच्यावर एक शिक्का १९९८चा आणि त्याखाली थेट येत्या शनिवारचा. तो माझ्या हट्टाखातर ग्रंथपालबाईंनी मारला. शनिवारी पुस्तक परत द्यायचे आहे. त्याआधी हे पत्र छापून आले तर बरे होईल.

— एक सभासद, दांडिया बाजार, बडोदे